धुराड्यात कुंचा कोणी घालायचा? निर्धूर चुलीचा विसरलेला इतिहास

पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांतून चुलींचे अवशेष मिळाले. अशा अवशेषांची मापे घेतली जातात, छायाचित्रे काढली जातात, अहवालात त्यांना जागा मिळते. त्या चुली रोज कोण सारवत असे आणि त्यांतली राख कोण उपसत असे, हे मात्र मातीच्या थरांतून वाचता येत नाही.

आजचा धागा या न वाचता येणाऱ्या भागाविषयी आहे. विसाव्या शतकात भारतातील शास्त्रज्ञ, समाजसेवक आणि सरकार यांनी मिळून चुलीला धुराडे जोडण्याचा मोठा प्रयत्न केला. तो बहुतांशी फसला. का फसला, याचे रूढ उत्तर असे, की गावातल्या बायकांना नवी चूल नीट वापरता आली नाही. मला हे उत्तर मान्य नाही. कारण सांगतो, धागा थोडा लांब आहे.

आधी जुनी चूल समजून घेऊ. तीन बाजूंनी मातीची भिंत, पुढे तोंड, कडेला वैल. जाळ मुख्य भांड्याखाली, उरलेली धग वैलावरच्या आमटीला. धुरासाठी वेगळी वाट नाही. कौलारू घरात तो कौलांच्या फटींतून जाई, माळवदाच्या घरात छताला ठेवलेल्या साण्यातून. जाता जाता तो भिंती, वासे, उतरंड आणि चुलीपुढे बसलेल्या बाईची फुप्फुसे काळी करी. सासुरवाशिणीने डोळे पुसत ‘काही नाही, धूर गेला’ म्हणावे आणि कोणी पुढे विचारू नये, ही सोयही या धुरानेच केलेली.

या चुलीची निगा मात्र काटेकोर होती. सकाळी राख काढायची, पोतेरे फिरवायचे, तडा गेला असेल तर माती लिंपायची. रात्री अर्धी जळालेली लाकडे मागे ओढून विझवायची, निखारे राखेखाली झाकायचे, म्हणजे घरही सुरक्षित राही आणि सकाळी विस्तवासाठी शेजारी जावे लागत नसे. सरपण चुलीला खेटून रचायचे नाही, पदर खोचून बसायचे, जाळ मोठा झाला तर लाकूड बाहेर ओढायचे, फुंकर घालायची नाही. ही सगळी सुरक्षिततेची नियमावली होती. ती कोणी लिहून ठेवली नाही, आईकडून मुलीकडे गेली, इतकेच. तेव्हा या बायकांना देखभाल ठाऊक नव्हती, असे म्हणणाऱ्याने पोतेऱ्याचा विचार केलेला नसतो.

आता वर्ध्याला जाऊ. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी त्याचे प्रेरणास्थान, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव पडले. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, वनस्पती तेलावर चालणारा ‘मगन दीप’ असे प्रयोग तेथे चालत. याच परंपरेत १९४०च्या दशकात ‘मगन चूल’ आली: मातीचीच, पण बंदिस्त, आणि धूर घराबाहेर नेणारे धुराडे असलेली. कुमारप्पांच्या अर्थविचारात ही चूल अगदी चपखल बसते. बाहेरून काही विकत आणायचे नाही, घरातल्या मातीतून घरातले दुःख कमी करायचे.

दुसरा प्रयत्न हैदराबादचा. तेथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. लक्षात घ्या, त्या वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. ही काही परमुलुखातली गोष्ट नव्हे. राजूंनी भारतीय स्त्रियांना पाच स्वातंत्र्ये देऊ केली: धुरापासून, काजळीपासून, धगीपासून, जळणाच्या नासाडीपासून आणि आगीच्या भयापासून. देश नुकताच स्वतंत्र झालेला. स्वातंत्र्य हा शब्द चुलीपर्यंत न्यावा असे एका अभियंत्याला वाटले, हे मला फार हृद्य वाटते.

या चुलीचे तंत्र समजले तरच पुढची शोकांतिका समजेल. धुराडे म्हणजे तापलेल्या हवेला दिलेली वाट. गरम हवा हलकी, ती नळीतून वर चढते. तिची जागा घ्यायला चुलीच्या तोंडातून थंड हवा आत ओढली जाते आणि जाळाला प्राणवायू मिळतो. फुंकणीचे काम धुराडे स्वतःच करते. ही ओढ नळीच्या उंचीवर, आतल्या हवेच्या उष्णतेवर आणि वाट किती मोकळी आहे यावर ठरते.

ओले लाकूड घातले की जाळाची बरीच ताकद त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच जाते. धूर थंड राहतो, ओढ मंदावते. अर्धवट जळालेला धूर नळीच्या गार भिंतीला लागून तेथे डांबरासारखा चिकट थर धरतो. थराने वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की ओढ आणखी मंदावते. ओढ मंदावली की थर आणखी जाड होतो. एक दिवस धूर उलटा फिरून चुलीच्या तोंडातून बाहेर येतो. याहून वाईट म्हणजे एखाद्या सणाच्या दिवशी मोठा जाळ केला की हा थरच पेट घेतो. मग नळीच्या आत आग, वरच्या टोकाला ठिणग्या. आणि छप्पर गवताचे असेल तर पुढचे सांगायला नको.

उलट ओढ फार झाली तर जाळ भांड्याला न लागता सरळ नळीत पळतो आणि सरपण दुप्पट लागते. म्हणून राजूंच्या चुलीत एक झडप होती. ती पुढेमागे सरकवून ओढ आवरायची.

म्हणजे नव्या चुलीने बाईला कामांची एक यादीच दिली. लाकूड सुके आणि बारीक चिरलेले हवे. मोठी ढलपी आत जात नाही म्हणून चुलीचे तोंड फोडून रुंद करायचे नाही. वैलावर भांडे नसेल तेव्हा त्यावर झाकण हवे, नाहीतर तेथूनच धूर येणार. झडप पाहायची, राख रोज काढायची. आणि ठरावीक दिवसांनी धुराडे आतून खरवडायचे.

यांतली बाकीची कामे चुलीपाशी बसून होतात. शेवटचे होत नाही. त्यासाठी छपरावर चढावे लागते, शिडी लागते, लांब काठीला चिंध्या किंवा काथ्याचा कुंचा बांधावा लागतो, आणि अंगावर काजळी घ्यावी लागते. छप्पर शाकारणे हे पुरुषांचे काम, चूल हे बायकांचे. धुराडे या दोन मुलखांच्या सीमेवर उभे होते. ते कोणाचे, हे पुस्तिकेत ठरले नव्हते.

छपराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज फॉस्टर यांनी १९६२च्या आपल्या पुस्तकात भारतातल्या निर्धूर चुलीचे उदाहरण दिले आहे. जुन्या चुलीचा धूर गवती छपरातून झिरपत असे, त्यामुळे तेथे वाळवी वाढत नसे. धूर धुराड्यातून गेला आणि वाळवीचे फावले. छप्पर लवकर बदलण्याचा खर्च अंगावर आला. अभियंत्याने ज्याला निव्वळ उपद्रव मानले, ते घराच्या दृष्टीने औषधही होते.

धुराडे कोणी साफ करायचे, हा प्रश्न काही आपल्याकडेच पहिल्यांदा निघाला नव्हता. ज्या ज्या समाजाने चुलीला धुराडे लावले त्याला तो सोडवावा लागला. म्हणून क्षणभर अठराव्या शतकातल्या फिलाडेल्फियात डोकावू. फेब्रुवारी १७३५ मध्ये तेथील ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या पत्रात एका वृद्ध नागरिकाचे म्हणून एक पत्र छापून आले. लिहिणारा होता पत्राचा मालक, एकोणतीस वर्षांचा बेंजामिन फ्रँकलिन. फावड्यातून जळते निखारे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नका, जिन्यावर तर नकोच, असा त्याचा उपदेश. खरा कळीचा मुद्दा पुढे आहे. धुराडे पेटले तर दंड घरमालकाला होई, आणि ते नीट न झाडणारा झाडकरी मोकळा सुटे. फ्रँकलिनचे म्हणणे असे, की झाडकऱ्यांना नगराध्यक्षाने परवाना द्यावा आणि झाडल्यापासून १५ दिवसांच्या आत धुराडे पेटले तर दंड झाडकऱ्याने भरावा. पुढच्याच वर्षी, १७३६ मध्ये, त्याने शहरात युनियन फायर कंपनी हे स्वयंसेवी अग्निशमन मंडळ उभे केले.

याच फ्रँकलिनने नंतर लोखंडी शेगडी तयार केली. १७४४ मध्ये तिची माहितीपुस्तिका काढली आणि तिचे एकाधिकारपत्र घेण्यास नकार दिला. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. त्या शेगडीत धुराला वर चढण्याआधी खाली उतरावे लागे, त्यामुळे ती सामान्य घरात धुमसत असे, आणि पुढच्या कारागिरांनी तिचे आतले भाग वगळूनच टाकले, हे सहसा सांगितले जात नाही. १७३५चे पत्र तर फारच थोड्यांना ठाऊक असते. माझ्या मते फ्रँकलिनचे खरे योगदान शेगडीपेक्षा त्या पत्रात आहे. त्याने यंत्राआधी जबाबदारीचा विचार केला होता.

जबाबदारी ठरली म्हणजे न्याय झाला, असे मात्र नव्हे. इंग्लंडमध्ये ती लहान मुलांच्या गळ्यात पडली. अरुंद धुराड्यांत कोवळ्या पोरांना चढवून काजळी खरवडून घेत. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडे साफ करणाऱ्यांना काजळीमुळे होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचे वर्णन केले. व्यवसायाशी जोडला गेलेला हा पहिला कर्करोग मानला जातो. कायदे झाले, मोडले गेले, पुन्हा झाले. १८७५ मध्ये केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकला आणि दगावला. त्याच वर्षी शाफ्ट्सबरींच्या पुढाकाराने जो कायदा झाला त्याने ही प्रथा खऱ्या अर्थाने थांबवली. पॉट यांचे निरीक्षण आणि हा कायदा यांत शंभर वर्षे गेली.

परत भारतात येऊ. धूर नुसता त्रासदायक नसून प्राणघातक आहे, हे आपल्याकडे प्रथम ठासून सांगणाऱ्यांत एक स्त्री होती. दिल्लीतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ मध्ये आपल्या सहकाऱ्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फुप्फुसे निकामी होत गेल्याने हृदयाची उजवी बाजू थकते, तो विकार त्यांच्याकडे येणाऱ्या स्त्रियांत पुरुषांइतकाच आढळत होता. या स्त्रिया धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या. संशय चुलीकडे गेला.

पण धूर मोजला कोणी? १९८१ मध्ये अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ यांनी भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातच्या चार गावांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी छोटी यंत्रे लावली. निष्कर्ष १९८३ मध्ये छापून आले. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासात जाणाऱ्या हवेत दर घनमीटरला सरासरी ७ मिलीग्रॅमच्या आसपास धूलिकण होते. कारखान्यांच्या चिमण्यांकडे पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना घरातल्या हवेचा आकडा विश्वास ठेवण्याजोगा वाटेना.

दरम्यान सरकारचे लक्ष चुलीकडे वळले होते, पण कारण निराळे होते. १९७०च्या दशकात जंगलतोड आणि सरपणाची टंचाई हा जागतिक चिंतेचा विषय झाला. चुलीचे उद्दिष्ट ‘धूर घालवणे’ येथून ‘लाकूड वाचवणे’ येथे सरकले. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने पुढच्या जवळजवळ वीस वर्षांत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या. किमतीचा निम्मा किंवा अधिक भाग अनुदानाचा. चुलीची परीक्षा प्रयोगशाळेत पाणी उकळून होई. घरात मात्र भाकरी भाजायची असते. तवा पाण्याच्या पातेल्यासारखा वागत नाही.

कारागिराला मोबदला चुलीगणिक, जिल्ह्याला उद्दिष्ट चुलीगणिक. देखभालीची तरतूद कागदावर होती, पण वरपर्यंत जाणारा आकडा बसवलेल्या चुलींचा होता. जळत असलेल्या चुलींचा नव्हे, झाडलेल्या धुराड्यांचा तर नव्हेच. घाईत बांधलेल्या चुलीत दोन बोटांचा फरक पडला तरी ओढ बिघडते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने महाराष्ट्रात साच्यांतून चुली घडवण्याची पद्धत रुजवली, ती याच दोषावरचा उपाय होती. तिची ‘लक्ष्मी’ चूल आठवणारे लोक आजही भेटतील.

याला एक सन्माननीय अपवाद आहे. चंदीगडजवळच्या नाडा गावात वास्तुविशारद मधू सरीन यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी चूल घडवण्याचे काम बायकांच्याच हाती दिले. घरातली भांडी कोणती, बाई बसून रांधते की उभ्याने, लाकूड किती लांबीचे मिळते, हे पाहून प्रत्येक घरी चुलीचे माप बदलायचे. बांधणारीही गावातलीच, शिकवून तयार केलेली. बिघाड झाला तर हाक मारायला माणूस उरत होता. ‘नाडा चूल’ नावाने हे प्रारूप राष्ट्रीय कार्यक्रमात गेले. चूल गेली, पण हाकेला येणारी बाई बरोबर पाठवता आली नाही.

२००२ मध्ये केंद्राने हा कार्यक्रम आवरता घेतला.

शेवटचा पुरावा ओडिशाचा. एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी ग्राम विकास या संस्थेबरोबर ४४ गावांतील सुमारे २६०० कुटुंबांचा अभ्यास केला. धुराडे असलेली चूल आधी कोणाला आणि नंतर कोणाला, हे गावासमोर चिठ्ठ्या टाकून ठरले. पहिल्या वर्षी चुलीवर रांधणाऱ्या स्त्रीच्या श्वासातील धुराची मात्रा घटली. चार वर्षांपर्यंत पाहिल्यावर तो फायदा विरून गेला. आरोग्यात फरक नाही, जळणात बचत नाही. बहुतेक जेवणे जुन्याच चुलीवर होत राहिली. नव्या चुली मोडल्या, त्यांची डागडुजी झाली नाही, आणि ज्यांनी केली त्यांचा वेळ वाढला. हा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची फार चर्चा झाली.

त्याचा अर्थ ‘लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत’ असा लावणे सोपे आहे. मी तो असा लावतो: बाईच्या दिवसात आधीच पाणी, सरपण, दळण, गुरे आणि मुले होती. त्यात न दिसणाऱ्या काजळीचे एक काम वाढवले, त्यासाठी शिडी दिली नाही, वेळ दिला नाही, मोबदला दिला नाही आणि घरातल्या पुरुषाला त्यातला वाटा सांगितला नाही. चुलीची माती ती रोज लिंपतच होती. नळीच्या आतला भाग तिचा कधी झालाच नाही.

१ मे २०१६ रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिची आठ कोटीवी जोडणी देण्याचा समारंभ आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, झाला. आकडा पुन्हा बसवलेल्या जोडण्यांचाच. टाकी संपल्यावर ती पुन्हा भरून आणायला पैसे कोणाकडे आहेत, हा या चुलीचा ‘कुंचा’ ठरला. कित्येक घरांत गॅसवर चहा आणि अंगणातल्या चुलीवर आंघोळीचे पाणी, असा दुहेरी संसार चालू आहे.

गावी गेलात तर छपराकडे पाहा. एखाद्या जुन्या घरावर सिमेंटच्या नळीचा तुकडा अजून उभा दिसेल, खाली चूल नसलेला. घरातल्या आजीला विचारा, ही नळी कोणी, कशाने आणि किती वेळा साफ केली होती. मिळालेले उत्तर या धाग्याखाली जरूर लिहा. तशा नोंदी कोणत्याही दप्तरात नाहीत. आणि आज रात्री स्वयंपाकघरात गेल्यावर गॅसची केशरी रबरी नळी हातात घेऊन पाहा. तिची मुदत साधारण पाच वर्षांची असते आणि वर्ष तिच्यावरच छापलेले असते.